खिडकीकडची शेवटची बाटली

तो कागद नऊ दिवस फ्रिजवर चुंबकाखाली लटकत होता. 'माझ्या पाल्याने विज्ञान प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांत भाग घेण्यास माझी हरकत नाही.' खाली सहीसाठी एक रेघ. त्या रेघेवर मी दोनदा पेन टेकवलं होतं आणि दोन्ही वेळा दूध उतू जातंय असं वाटून उठले होते. दूध गॅसवर नव्हतंच.

"सही तरी कर, नाहीतर 'हरकत आहे' असं तरी लिहून दे," नवरा म्हणाला. "रोज फ्रिज उघडताना मलाच काहीतरी कबुलीजबाब द्यायचा राहिलाय असं वाटतं."

"तुला काय जातंय बोलायला. तू लॅब पाहिली नाहीस."

"फोटो पाहिला ना. तीनदा दाखवलास."

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासून फ्रेममध्ये बसवणारे कारागीर मागच्या खोलीत असतात आणि पुढे मी. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच माझा धंदा. बी.एस्सी. केलं तेव्हा वाटलं नव्हतं, पण आता त्यातच बरं वाटतं. मागच्या वर्षी एक तरुण गिऱ्हाईक आलं होतं. बॅटरीतलं अॅसिड उडून त्याचा एक डोळा गेला होता. त्याला दोन्ही बाजूंना सारख्याच जाडीची काच हवी होती. एका बाजूला नंबर उरलाच नव्हता, तरी. "समोरच्याला कळू नये म्हणून," तो म्हणाला. मी ती फ्रेम त्याच्या कानांमागे बसवली, आरसा धरला, आणि त्या दिवशी घरी आल्यावर मुंगीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत बसले. ती म्हणाली, "काय झालं? पुन्हा कुणी आंधळं आलं होतं का?"

मुंगी हे तिचं घरातलं नाव, आता शाळेतही तेच चालतं. चालायला लागली तेव्हापासून स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते. आता बारा वर्षांची आहे, सातवीत. दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीन.

लॅब मी महिन्यापूर्वी पालकसभेच्या दिवशी पाहिली होती. बाकी सगळे पालक वर्गशिक्षकांना मार्क विचारत होते, तेव्हा मी जिना चढून वर गेले. खोली स्वच्छ होती, तसं खोटं कशाला बोलू. पण भिंतीला लागून एक लांब उघडी मांडणी होती, तिच्यावर एका ओळीत अकरा बाटल्या. आत पाण्यासारखं काहीतरी, आणि एकीवरही वाचता येईल असं लेबल नाही. कागद पिवळे पडून, खाऊन, गळून गेलेले. एखाद्या बाटलीवर नुसता डिंकाचा चौकोन उरलेला.

लॅबमामा तिथेच स्टुलावर बसून परीक्षानळ्या पुसत होते. सगळी शाळा त्यांना मामाच म्हणते, मुख्याध्यापकसुद्धा.

"मामा, यांच्यावर लेबलं नाहीत."

"अहो ताई, अठ्ठावीस वर्षं झाली मला इथे. लेबल मलाच लावायचं राहिलंय." त्यांनी चक्क डोळे मिटले आणि दारापासून खिडकीपर्यंत बोट फिरवत एका दमात अकरा नावं म्हणून दाखवली. इतक्या भरभर, की मला फक्त शेवटचं कळलं. "...आणि ही खिडकीकडची, शेवटची, साधं डिस्टिल्ड वॉटर. गरीब गाय. रंगीत औषधं मी कपाटात कुलपात ठेवतो, ती काय, आपलं नाव आपणच सांगतात. या बिनरंगाच्या मात्र फक्त माझ्या ओळखीच्या."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

"मी नसतो कधी?" मामा हसले.

ते आत वळले तेव्हा मी मांडणीचा फोटो काढला. घरी आल्यावर नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर कुठे लेबलं आहेत? तरी जेवतोच की आपण."

ही सगळी हकिगत मुंगीला माहीत होती, आणि तिला तिचा पुरेपूर कंटाळा आला होता.

"सगळे प्रॅक्टिकलला जातात, मी लायब्ररीत बसते," आठव्या दिवशी ती म्हणाली. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. "दुसऱ्यांच्या जर्नलमधल्या आकृत्या बघून काढते. मुलींना वाटतं मला फिट्स येतात."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. पण एकीने मला विचारलं, की कांदा हुंगवायचा असतो का म्हणून."

मला हसू आलं आणि ते तिने बघितलं. मग तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाईंचा फोन आला. बाई शाळेत नव्या, तीनच महिने झालेले. आवाज शांत, पण घाईत. "मुंगीच्या आई ना? शुक्रवारी मी वर्षभराचे गट पक्के करतेय. ज्यांचा कागद नाही त्यांना लायब्ररी. मला तिला लायब्ररीत बसवायचं नाहीये. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तीच विचारते. तुम्ही असं करा, उद्या गुरुवारी तासाला येऊन बसा. बघा, आणि मग ठरवा. तुम्ही असाल तर उद्यापुरतं तिलाही आत घेते."

मी दुकानातून अर्धा दिवस सुटी काढली.

लॅबच्या दारातच ताज्या रंगाचा वास आला. मध्ये आठवडाभर सुटी होती, तेव्हा रंगारी येऊन गेले होते. भिंती फिकट पिवळ्या, फरशीवर पांढरे ठिपके. मांडणी जागच्या जागी, बाटल्या एका ओळीत, धूळ पुसून चकचकीत. स्टूल रिकामं.

"मामा कुठेत?"

"सोमवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्यांचं," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवस सुटी. रंगाऱ्यांकडून सगळं जागच्या जागी लावून घेतलं आणि मगच गेले. काय कुठे आहे ते मला फोनवर सांगतात. आजची सगळी तयारी त्यांना विचारूनच केलीय."

चोवीस मुलं-मुली सहा टेबलांभोवती उभी होती. प्रत्येक टेबलावर एक ट्रे, ट्रेमध्ये लिंबाचा रस, साबणाचं पाणी, आणि तिसऱ्या छोट्या बाटलीत बाईंनी सकाळी मांडणीवरून काढलेलं सौम्य आम्ल. शिवाय लाल आणि निळ्या लिटमसच्या पट्ट्या. सगळ्यांना गॉगल होते. ते मात्र मी मनातल्या मनात जमेच्या बाजूला टाकलं. मुंगीचा गॉगल चष्म्यावर नीट बसत नव्हता, कडेला फट राहत होती. मी हात पुढे केला तशी ती कुजबुजली, "आई, इथे नको."

मी हात मागे घेतला. पण तोंड मागे घेता आलं नाही.

"बाई, डोळे धुवायची बाटली कुठे आहे?"

मागच्या टेबलावरून कुणीतरी खुसखुसलं. मुंगीने मान खाली घातली. बाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "आहे. नवीन आलीय. ड्रॉवरमध्येच राहिली." त्यांनी पिशवी फाडून ती बाटली काढली. मऊ प्लॅस्टिकची, वर डोळ्याच्या आकाराची वाटी. "बरं झालं बोललात. ही डिस्टिल्ड वॉटरने भरायची. एक मिनिट."

त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. मामांचा आवाज सगळ्या लॅबला ऐकू गेला.

"खिडकीकडची शेवटची, बाई. काल सांगितलं नव्हतं का?"

"काल दुसरं विचारलं होतं मामा. डोळा कसाय?"

"डोळ्याला काय धाड भरलीय. सून टीव्हीच लावू देत नाही."

मुलं हसली. बाईंनी फोन ठेवला आणि बाटली माझ्या हातात दिली. "तुम्ही आणि मुंगी भरा. बेसिनपाशी ठेवा." मग मुलांकडे वळून म्हणाल्या, "डोळ्यात काहीही गेलं तर चोळायचं नाही. सरळ इथे यायचं. ही बाटली दाबायची आणि डोळा उघडा ठेवून धुवायचा. कळलं?"

मुंगीने मांडणीवरची शेवटची बाटली दोन्ही हातांनी उचलून बेसिनजवळच्या ओट्यावर ठेवली. मी तिचं बूच धरलं, आणि बोटं थांबली.

बूच रबराचं होतं. काळं, कडेला चिरा गेलेलं. बाकी दहा बाटल्यांना काचेची बुचं.

रबरी बूच मी आधी पाहिलं होतं. कुठे ते आठवायला वेळ लागला नाही. फोन काढला आणि फोटो मोठा केला. रबरी बूच होतं खरं, पण दाराकडच्या, पहिल्या बाटलीला.

"बाई," मी म्हणाले, "महिन्यापूर्वी हे बूच दाराकडच्या बाटलीला होतं."

बाई तिसऱ्या टेबलावर एकाची बाही वर करून देत होत्या. "बुचं बदलतात हो मॅडम. धुताना इकडची तिकडे होतात."

"मुंगीची आई फोटो बघतेय," कुणीतरी म्हणालं. या वेळी पाच-सहा जण हसले.

"आई, प्लीज," मुंगी ओठ न हलवता म्हणाली. "फक्त भर ना."

आता माझं मला माहीत आहे. मी इस्त्री बंद केली का बघायला बस स्टॉपवरून परत आलेली बाई आहे. मुंगी दोन वर्षांची असताना तिच्या अंगावरच्या पुरळासाठी डॉक्टरांना दिवसात चारदा फोन केला होता, आणि पाचव्यांदा त्यांच्या कंपाउंडरने "आहेत, पण नाहीत" असं सांगितलं होतं. दहातल्या नऊ वेळा माझी भीती खोटीच निघते. चोवीस मुलं माझ्याकडे बघत होती. बाईंनी नुकतंच फोनवर विचारलं होतं, अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला. मी बूच काढलं आणि बाटली भरली. वास काहीच नाही. पाणीच दिसत होतं.

वाटी बसवली, बेसिनपाशी ठेवली, आणि भिंतीजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. मुंगी माझ्या शेजारी उभी, हात पाठीमागे, कारण कागद नसल्यामुळे प्रयोगाला हात लावायची परवानगी नव्हती. मुलांनी लिंबाच्या रसात पट्ट्या बुडवायला सुरुवात केली. "लाल झाली, लाल झाली." बाई टेबलाटेबलांतून फिरत होत्या. सगळं छान चाललं होतं. मला मात्र ते बूच सोडेना.

काचेचं का नाही? काचेचं बूच कशाला चालत नाही? कॉलेजात आमच्या टेबलावरची एक बाटली उघडतच नसे. बूच मानेला असं चिकटलेलं, की सर म्हणायचे, ओढू नका, मान तुटेल. कुठलं औषध होतं ते? काचेला काय धरतं? नाव जिभेवर येऊन परत जात होतं.

तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरची दोन वेण्यांची उंच मुलगी गॉगल कपाळावर सरकवून डोळा चोळायला लागली. गॉगलवर वाफ धरली होती, ती पुसायला तिने तो वर केला होता. "बाई, माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं."

"चोळू नकोस. बेसिनवर जा, बाटली घे," बाई तिकडूनच म्हणाल्या.

ती आली. एक डोळा मिटलेला, एक हात पुढे. बाटली माझ्यापासून चार पावलांवर होती आणि तिच्यापासून दोन.

मी कशी उठले ते आठवत नाही. स्टूल पडल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. मी बाटलीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने नळ सोडला. "इथे. नळाखाली. डोळा उघड, बाळ. उघडाच ठेव."

"मॅडम," बाई आल्या. आता आवाजात धार होती. "बाटली त्याचसाठी आहे. मुलांसमोर मी एक सांगते आणि तुम्ही दुसरंच करता."

"नळाचं पाणी चालतं, बाई. ते पाणीच आहे, हे तरी नक्की."

"म्हणजे हे नाही?"

माझ्याकडे एक फोटो होता, एक बूच होतं, आणि एक न आठवणारं नाव होतं. मुलगी नळाखाली वाकली होती, वेणी भिजत होती. मी नुसती ती बाटली धरून उभी होते. चोरी पकडल्यासारखी.

मग मुंगी पुढे आली. तिचे कान लाल झाले होते. मी त्या कानांना ओळखते, ते लाजेने लाल होतात आणि रागाने अजून लाल होतात.

"बाई, मी तपासू? लिटमसने?" आणि माझ्याकडे न बघता, हळू, "पाण्यात लाल पट्टी लालच राहते. राहिली की तू गप्प बसायचं, आणि घरी जायचं."

बाईंनी एक क्षण विचार केला. मग शेल्फवरचे हातमोजे काढून तिला दिले. मुंगीने ते घातले, गॉगल दाबून बसवला, काचेची कांडी मांडणीवरून आणलेल्या त्या बाटलीत बुडवली आणि तिच्या टोकावरचा थेंब लाल पट्टीवर टेकवला.

पट्टी निळी झाली. हळूहळू नाही, फिकी नाही. थेंब टेकला तिथून शाईसारखी निळी.

मुंगी पट्टीकडे बघत राहिली. तिने दुसरी पट्टी घेतली आणि पुन्हा थेंब टेकवला. तीही निळी.

"बाई," ती म्हणाली, "हे पाणी नाहीये."

आणि मला नाव आठवलं. कॉस्टिक सोडा. काचेलाही धरतो, म्हणून रबराचं बूच.

बाईंचा चेहरा भिंतीच्या रंगासारखा झाला. पण त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. त्यांनी आधी नळाखालच्या मुलीची हनुवटी धरून तिचा डोळा बघितला. पापणीचा केस होता, निघून गेला होता. मग त्या मांडणीकडे वळल्या, मग ट्रेंकडे, आणि मला दिसलं की त्यांना पुढचं कळलंय. खिडकीकडची शेवटची जर शेवटची नसेल, तर सकाळी दारापासून तिसरी म्हणून काढलेलं सौम्य आम्ल काय होतं?

"सगळ्यांनी हात मागे," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "मागे म्हणजे पाठीमागे. ट्रेमधली तिसरी बाटली कुणी उघडली?"

दोन हात वर आले.

"हातावर सांडलं? नाही? तरी नळावर जा, साबणाने धुवा. बाकीचे ट्रे तिथेच सोडून बाहेर, व्हरांड्यात. कुणी पळायचं नाही."

मुलं एकामागून एक निघाली. आता कुणी हसत नव्हतं. डोळे धुवायची बाटली बाईंनी माझ्या हातातून घेतली, तिच्यावर पेनने मोठी फुली मारली आणि कपाटात बंद केली. मग फोन स्पीकरवर लावला.

"मामा, रबरी बूच कुठल्या बाटलीला?"

"कॉस्टिकला. दाराकडची पहिली."

"ती आत्ता खिडकीकडे आहे."

मग मामा म्हणाले, "रंगारी."

हळूहळू उलगडलं. मामांनी रंगाऱ्याला बजावलं होतं, ओळ मोडायची नाही, एकही बाटली इकडची तिकडे करायची नाही. रंगारी इमानी माणूस. दाराकडून एकेक बाटली काढून फरशीवर ओळीने मांडत गेला. भिंत वाळल्यावर लावायला बसला तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला, आणि हाताशी आली ती शेवटची बाटली आधी उचलून मांडणीवर पुन्हा दाराकडूनच लावत गेला. एकही बाटली ओळ सोडून गेली नाही. ओळच उलटी झाली. सुटीला जाण्याआधी मामांनी मांडणीकडे बघितलं होतं, पण मोतीबिंदूच्या डोळ्यांना अकरा बाटल्या मोजता आल्या तेवढंच. अकरा होत्या.

"कुणाला काही?" मामांनी विचारलं.

"कुणाला काही नाही. मुंगीच्या आईंना शंका आली आणि मुंगीने लिटमसने तपासलं."

"मी आत्ता येतो."

"डोळ्याला पट्टी लावून? मुळीच नाही. मांडणीला मी कुलपाची जाळी लावून घेतेय."

"मग त्या ताईंना फोन द्या."

मी घेतला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. "त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी हसलो होतो ताई. डोळे मिटून दाखवलं तुम्हाला."

मी म्हटलं, "मामा, आमच्या घरातल्या डब्यांवरही लेबलं नाहीत."

"तुमच्या डब्यांत कॉस्टिक नसतं," मामा म्हणाले. "पण पोरीने बरोबर केलं. मी तिच्या जागी असतो तर माझ्यावर विश्वास ठेवला असता."

परत जाताना मुंगी माझ्या पुढे चालत होती. शाळेचं फाटक, स्टेशनरीचं दुकान, बस स्टॉप. दप्तर पाठीवर, हात पट्ट्यांत. बस स्टॉपवर मी तिला गाठलं.

"तू का तपासलंस?"

"तुला खोटं पाडायला."

"आणि?"

"पडली नाहीस ना." तिने नाक ओढलं. "मला वाटलं, आता माझं वर्ष गेलं. तू कधीच सही करणार नाहीस. आधी निदान तुला नुसतं वाटत होतं. आता तर खरंच झालं."

तिचं म्हणणं बरोबर होतं. नऊ दिवस मी त्या लॅबकडून एकच गोष्ट मागत होते, की तिथे काही होणार नाही हे मला दाखव. लॅबने मला नेमकं उलटं दाखवलं होतं. बसमध्ये बसल्यावरही मी तेच उगाळत राहिले. पण डोळ्यांसमोर येत होता तो तिचा हात. हातमोजा मोठा, बोटांची टोकं रिकामी लोंबणारी, आणि कांडीच्या टोकावर एक थेंब. ती कांडी जराही हलली नव्हती. आणि पट्टी एकदा निळी झाल्यावर तिने पुन्हा तपासलं होतं. मी तिला ते शिकवलेलं नव्हतं. मी फक्त घाबरायला शिकवलं होतं. तपासायचं ती त्याच खोलीत शिकली होती. नाही, खोलीत नाही. लायब्ररीत बसून, दुसऱ्यांच्या जर्नलांतून शिकली होती.

घरी आल्यावर मी चपला काढायच्या आधी फ्रिजवरचा कागद काढला. पेन मिळेना, शेवटी तिच्या कंपासमधलं घेतलं. सही वाकडी आली. शेवटचं अक्षर रेघेबाहेर गेलं.

मुंगी दारात उभी राहून बघत होती. "तारीख टाक," ती म्हणाली. "तारखेशिवाय घेत नाहीत."

नवरा संध्याकाळी आला तेव्हा ती ओट्यावर बसून डब्यांना पट्ट्या चिकटवत होती. त्याने एक डबा उचलून बघितला. "'साखर.' आता हे वाचल्याशिवाय मला चहा मिळणार नाही का?"

"बाबा, तुम्ही ओळीच्या कुठल्या टोकाला बसता त्यावर आहे," मुंगी म्हणाली. त्याला काही कळलं नाही, म्हणून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागली. ऐकता ऐकता तो खुर्चीत बसला, आणि नंतर कितीतरी वेळ त्याने एकही विनोद केला नाही. फक्त फोन मागून घेतला आणि तो फोटो स्वतःहून चौथ्यांदा पाहिला.

पंधरा दिवसांनी, शनिवारी, शाळा सुटल्यावर मी मुंगीला गॉगल द्यायला पुन्हा तो जिना चढले. मामा आले होते, काळा चष्मा लावून. त्या दोन-वेण्यांच्या मुलीसकट पाच मुलं थांबली होती. मामांनी आणि बाईंनी सकाळीच एकेक बाटली तपासून घेतली होती. टेबलावर त्या दिवशी आम्ल म्हणून गेलं होतं ते मिठाचं पाणी निघालं. दोन बाटल्यांचं शेवटपर्यंत नक्की ठरेना, त्या त्यांनी फुली मारून टाकून द्यायला बाजूला काढल्या होत्या. मामा म्हणे त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते.

आता लेबलं लिहायची होती. मामांना अजून जवळचं नीट दिसत नव्हतं.

"पेन्सिलने लिहा," ते सांगत होते. "शाई औषध खातं, पेन्सिल नाही खात. वरून पारदर्शक टेप. नाव, तारीख आणि लिहिणाराचं नाव. उद्या चूक निघाली तर कुणाला धरायचं ते कळायला पाहिजे."

"म्हणजे आम्हाला?" मुंगी म्हणाली.

"मग काय मला? मी आता रिटायर व्हायला लागलोय."

आमच्या दुकानातल्या कारागिरांनी मुंगीसाठी चष्म्यावरून बसणारा रुंद गॉगल शोधून दिला होता, कडेला मऊ पट्टी असलेला. मी पिशवीतून काढला. पाच मुलं बघत होती, म्हणून फक्त तिच्या हातात दिला. तिने स्वतः घातला, पट्टा मागे ओढला, मान डावीकडे-उजवीकडे वळवून बघितली.

"फट?" मी विचारलं.

"नाही." मग कडेने बोट फिरवून पुन्हा, "नाही."

दोन वेण्यांच्या मुलीने आपला गॉगल कपाळावरून खाली घेतला, कुणी न सांगता.

मामांनी पहिली बाटली टेबलावर ठेवली, रबरी बुचाची. मुंगीने पेन्सिलीला टोक केलं. मी दारातच उभी होते. आत यायला कुणी म्हणालं नव्हतं, आणि जा असंही कुणी म्हणालं नव्हतं.

"आई," मुंगी मान वर न करता म्हणाली, "तू जा ना आता."

मी निघाले. जिन्याच्या वळणावर एकदा मागे वळून पाहिलं, फाटकापाशी दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा लॅबची खिडकी दिसली, उघडी, आणि तिच्यात वाकलेली पाच-सहा डोकी. तिथून बस स्टॉपपर्यंत मात्र सरळ चालत गेले.